ज्याला निघून जाता येतं, त्याच्यासमोर वाजवा

गाणं किंवा वाद्य शिकणाऱ्या बहुतेकांना श्रोते मिळतात ते गुरुपौर्णिमेला. क्लासच्या कार्यक्रमात दहा मिनिटं वाट्याला येतात. समोर आपले आईवडील, मावशी, शेजारचे काका आणि इतर विद्यार्थ्यांचे पालक, जे आपल्या मुलाची पाळी यायची वाट बघत असतात. पुढे सोसायटीच्या गणपतीत एखादं गाणं, मग विशारदची परीक्षा आणि तिथले परीक्षक. या सगळ्या ठिकाणी समोरच्याला उठून जाता येत नाही. तो टाळ्या वाजवतोच. त्या टाळ्यांत माया असते, कौतुक असतं, पण आपलं वाजवणं त्याच्यापर्यंत पोचलं की नाही, ते त्यातून कळत नाही.

रस्त्यावर ते कळतं. रस्त्याने चाललेला माणूस तुमचं काहीही देणं लागत नाही. त्याने तिकीट काढलेलं नाही, तुमचे गुरू कोण हे त्याला माहीत नाही, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून तो थांबणार नाही. तरीही तो थांबला, तर ते तुमच्या सुरांमुळे. आणि जाताना त्याने दहाची नोट ठेवली, तर त्या नोटेमागे ना ओळख असते, ना भीड. म्हणूनच मला रस्त्यावर वाजवून मिळणारा पैसा हा संगीतातला फार स्वच्छ पैसा वाटतो. मात्र तो स्वच्छ राहायला एक अट आहे. ऐकणाऱ्याला निघून जायची पूर्ण मोकळीक हवी. तुमच्यापैकी कुणाला रस्त्यावर वाजवायचं असेल, तर जागा कोणती निवडावी, आवाज किती ठेवावा, पैसे कसे मागावेत, या बहुतेक प्रश्नांची उत्तरं या एका अटीतून मिळतात.

आधी जागा. लोकलचा डबा नको. दोन स्टेशनांच्या मधे कुणालाच उतरता येत नाही, त्यामुळे तिथे दिलेले पैसे कौतुकाचे की सुटकेचे, हे देणाऱ्यालाही सांगता येणार नाही. शिवाय रेल्वे कायद्याच्या कलम १४४ नुसार गाडीत आणि स्टेशनात भीक मागायला मनाई आहे आणि तुमची थाळी त्यातच धरली जाऊ शकते. मुंबईच्या लोकलमधल्या भजनी मंडळांची गोष्ट वेगळी. रोजची ठरलेली गाडी, ठरलेला डबा, टाळ आणि ढोलकी. ती मंडळी कुणाकडे पैसे मागत नाहीत, दिवसभराच्या कामाआधी नाहीतर कामानंतर स्वतःसाठी गातात. त्यांच्या गाण्यावर माझा जीव आहे. पण त्याच डब्यात रात्रपाळी करून घरी निघालेला माणूसही असतो आणि त्याची तक्रार मला खोटी वाटत नाही. सिग्नलला थांबलेल्या रिक्षाजवळ किंवा खाणावळीबाहेर नंबर लावून उभ्या असलेल्या लोकांसमोर वाजवणं यासाठीच टाळावं. तीही अडकलेलीच माणसं.

चांगली जागा म्हणजे जिथे लोक रमतगमत चालतात, थांबायला रुंदी असते आणि थांबलेल्यांमुळे बाकीच्यांची वाट अडत नाही. शिवाजी पार्कचा कट्टा, मरीन ड्राइव्ह, वांद्र्याचं बँडस्टँड, पुण्यातल्या सारसबागेबाहेरचा परिसर, पणजीत मांडवीच्या काठचा पदपथ या अशा जागा. कुठल्याही दुकानाच्या दारासमोर, बसथांब्यावर किंवा दृष्टिहीनांसाठी बसवलेल्या पिवळ्या खाचांच्या फरशीवर उभं राहू नका. पाठीशी भिंत असेल तर फार बरं. मोकळ्या हवेत आपला आवाज परत येत नाही, त्यामुळे आपण कमी पडतोय असं वाटून गळा ताणला जातो आणि वीस मिनिटांत बसतो. मागे दगडी भिंत किंवा वर कमान असली की स्वतःचा सूर स्वतःला ऐकू येतो आणि ताणायची गरजच राहत नाही.

जागेइतकीच वेळ महत्त्वाची आहे. १२ जानेवारी २००७ रोजी जोशुआ बेल हा जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक वॉशिंग्टनच्या एका मेट्रो स्टेशनात साध्या कपड्यांत, डोक्यावर टोपी घालून उभा राहिला. हातात १७१३ सालचं स्ट्रॅडिव्हेरियस व्हायोलिन. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने मुद्दाम घडवून आणलेला तो प्रयोग होता. त्याने ४३ मिनिटं वाजवलं. त्या वेळात १,०९७ माणसं समोरून गेली, त्यातली ७ थांबून ऐकत राहिली, २७ जणांनी पैसे टाकले. ज्या एका बाईने त्याला ओळखलं तिने दिलेले वेगळे धरले, तर जमलेली रक्कम ३२ डॉलर १७ सेंट. ही हकिगत बहुतेक वेळा सांगितली जाते ती ‘लोकांना कानच उरले नाहीत’ हे पटवण्यासाठी. मला ते मान्य नाही. सकाळी आठच्या सुमारास कचेरी गाठायला निघालेल्या माणसाला थांबायची मोकळीक कुठे असते? निघून जायची मोकळीक हवी, तशी थांबायचीही हवी. २०१४ च्या सप्टेंबरमध्ये तोच बेल त्याच शहराच्या युनियन स्टेशनात दुपारच्या वेळी, आधी जाहीर करून वाजवायला आला, तेव्हा लोकांनी दाटी केली. म्हणून एखाद्या दिवशी थाळी रिकामी राहिली, तर तो लगेच आपल्या वाजवण्यावरचा निकाल समजू नका. सकाळी नऊला चर्चगेटबाहेर कुणी थांबणार नाही. रविवारी संध्याकाळी सहाला मरीन ड्राइव्हवर थांबेल. त्या पहिल्या प्रयोगातली एक गोष्ट मात्र मला फार मोलाची वाटते. समोरून जाणारं प्रत्येक लहान मूल थांबायला बघत होतं आणि मोठी माणसं त्यांना ओढून नेत होती. मुलांना नेहमी पुढे येऊ द्या. वाद्याला बोट लावायचं असेल तर लावू द्या.

आता कायदा, कारण तो ठाऊक नसेल तर पहिल्याच दिवशी हिरमोड होईल. मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा १९५९ सालचा. सार्वजनिक ठिकाणी भीक मागणं किंवा स्वीकारणं, मग ते गाणं, नाच, भविष्य सांगणं, खेळ करून दाखवणं अशा कशाच्याही आडून असो, त्याच्या व्याख्येत बसतं. म्हणजे गाणं आणि समोर थाळी हे चित्रच या कायद्याने संशयाचं ठरवलं. अधिकृत परवानगीने गोळा केलेला पैसा मात्र व्याख्येतून वगळलेला आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ च्या निकालात या कायद्यातली अनेक कलमं घटनाबाह्य ठरवली, पण तो निकाल दिल्लीपुरता. गाणाऱ्याला गुन्हेगार मानणारी ही व्याख्या अन्यायाची आहे असं माझं स्पष्ट मत आहे. पण मत असणं वेगळं आणि हवालदारासमोर उभं असणं वेगळं.

तेव्हा परवानगी घ्या आणि लेखी घ्या. पदपथासाठी पालिकेचं विभाग कार्यालय आणि स्थानिक पोलीस ठाणं, बागेसाठी उद्यान विभाग, मॉल किंवा कॅफेच्या आवारासाठी त्यांचं व्यवस्थापन. अर्जात तारीख, वेळ, वाद्यं, ‘ध्वनिवर्धक नाही’ ही ओळ आणि आपला फोन नंबर द्या. मंजुरीची प्रत प्लास्टिकच्या पाकिटात घालून वाद्याच्या पेटीतच ठेवा. एकट्याने हे जड जात असेल, तर आधी एखाद्या संस्थेबरोबर सुरुवात करा. २०१२ च्या सुमारास मुंबईत ‘नॅशनल स्ट्रीट्स फॉर परफॉर्मिंग आर्ट्स’ या उपक्रमाने रीतसर परवानग्या काढून उपनगरी स्टेशनांवर आणि बागांत कलाकारांना उभं केलं, तेव्हा घाईतली माणसंसुद्धा दोन मिनिटं रेंगाळताना दिसायची. लंडनच्या भुयारी रेल्वेने २००३ मध्ये चाचणी घेऊन परवाने द्यायला सुरुवात केली आणि वादकांसाठी स्टेशनांत जमिनीवर अर्धगोलाच्या खुणा आखल्या. अशी सोय आपल्या शहरांत व्हावी यासाठी नगरसेवकाकडे अर्ज करत राहायला हवं. तोवर एक पथ्य पाळा: पोलिसाने ‘हला’ म्हटलं की कागद दाखवा, शांतपणे बोला, आणि तरीही तो म्हणत असेल तर हला. तिथे हुज्जत घातली, तर पुढच्या वादकाची वाट अवघड होते.

ध्वनिवर्धकाच्या बाबतीत २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम सरळ आहेत. लेखी परवानगीशिवाय लावायचा नाही. रात्री दहा ते सकाळी सहा मनाई. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रहदारीचा आवाजच बहुतेक वेळा तिच्या पुढे गेलेला असतो. माझा आग्रह याहून पुढचा आहे: पहिलं वर्षभर ध्वनिवर्धक लावूच नका. कर्ण्याने आवाज पन्नास मीटरवर पोचवला की समोरच्या इमारतीतला आजारी माणूस तुमचा श्रोता होतो, आणि त्याला निघून जाता येत नाही. शिवाय विनामाईक वाजवताना लोक जवळ येतात, आणि ऐकणारा दोन हातांवर असला की तुम्हालाही त्याच्या चेहऱ्यावरून सगळं वाचता येतं.

वाद्याचा स्वभाव बाहेर बदलतो, त्याची तयारी ठेवा. बासरीवर समुद्राचा वारा आडवा आला की फुंकच उडून जाते, सूर फुटत नाही; वाऱ्याला पाठ करून उभं राहावं आणि खर्जापेक्षा मध्य-तार सप्तकात जास्त वावरावं. तबल्याची पुडी पावसाळी हवेत उतरते आणि उन्हात चढते, म्हणून हातोडी खिशात हवीच आणि वाद्य उन्हात उघडं ठेवायचं नाही. दिमडी-डफासारखी वाद्यं दमट दिवसात शेकून घ्यावी लागतात. हार्मोनियम उभ्याने वाजवायची तर छोटी घडीची पेटी बरी, मोठी पेटी उचलून नेण्यातच दम निघतो. सतार-सरोद बाहेर नेऊच नये असं मी म्हणणार नाही, पण तारा उतरतात, पुन्हा लावण्यात वेळ जातो, आणि तेवढ्यात जमलेली माणसं पांगतात. तानपुऱ्यासाठी बॅटरीवरचं छोटं यंत्र चालेल. पण साथीचा तयार ट्रॅक लावून त्यावर नुसते ओठ किंवा बोटं हलवणं ही ऐकणाऱ्याची फसवणूक आहे, मग त्याने किती का पैसे टाकलेले असोत. ट्रॅकवर खरोखर गात असाल, तर विचारलं की तसं सांगा.

‘रस्त्यावर रागदारी चालत नाही, सिनेमाचीच गाणी वाजवा’ हा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. तो ऐकू नका. तासभराचा विलंबित ख्याल तिथे शोभणार नाही हे खरं, पण मध्यलयीतली भूपाची किंवा दुर्गाची बंदिश दहा मिनिटं मांडली तर लोक थांबतात. कारण बंदिशीतच आहे. मुखडा प्रत्येक आवर्तनाला परत येतो, त्यामुळे मधेच आलेल्या माणसालाही दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला सम कळते आणि त्याची मान हलते. ती मान हलली की तो तुमचा. भारूड, अभंग, गवळण, पहाडीतली एखादी धून, लावणीची चाल, यांच्यातही हीच ताकद आहे. धृपद परत येतं आणि नव्या माणसाला आत घेतं. आलापाने सुरुवात करायचीच असेल तर अर्ध्या मिनिटाची करा. चालणारा माणूस पाच-सहा पावलांत ठरवतो.

किती गाणी तयार हवीत? वाटसरू बदलत राहतात, त्यामुळे वीस मिनिटांचा ऐवज पुरतो असं वाटतं. तो वाटसरूंना पुरतो, पण कोपऱ्यावरच्या पानवाल्याला, चहाच्या टपरीवाल्याला, फुलवालीला पुरत नाही. तेच गाणं तासात तिसऱ्यांदा त्यांच्या कानावर पडतं, आणि त्यांना दुकान सोडून निघून जाता येत नाही. तेव्हा किमान तासाभरात काही परत येणार नाही इतकी तयारी करा. वाजवायला उभं राहण्याआधी त्यांना भेटा, विचारा, आणि दीड तासाच्या वर एका जागी थांबू नका. टपरीवाला तुमच्या बाजूने असेल, तर दारुड्याने त्रास दिला तरी तो धावून येतो. एकट्या मुलीने किंवा बाईने वाजवायचं असेल, तर ही ओळख अधिकच कामाची. सोबतीला कुणी असावं, जागा उजेडाची असावी आणि घरी परतायची वेळ आधी ठरलेली असावी.

गाणी निवडताना स्वामित्व हक्काचंही भान ठेवा. भारतात तो रचनाकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. तुकारामांचे शब्द सर्वांचे आहेत, पण श्रीनिवास खळ्यांनी बांधलेली चाल अजून तशी नाही. पारंपरिक चाली आणि स्वतः बांधलेल्या चाली यांत कुणाची परवानगी लागत नाही, आणि स्वतःची चाल अनोळखी माणसांपुढे पारखून बघायला रस्त्याइतकी चांगली जागा नाही.

आता पैशांचं. बऱ्याच शिकलेल्या मुलामुलींना इथे लाज वाटते. थाळी पायाशी कुठेतरी ढकलून देतात, नजर चुकवतात. ती लाज सोडा. थाळी किंवा पेटी समोर, उजेडात, स्वच्छ कापड अंथरून ठेवा आणि शेजारी पाटी लावा: ‘बासरी ऐकायला पैसे पडत नाहीत. आवडली आणि द्यावंसं वाटलं, तर इथे ठेवा.’ एवढं पुरे. सुरुवातीला स्वतःच्या दोन-तीन नोटा ठेवल्या तर त्यात गैर नाही, थाळी कशासाठी आहे ते कळतं. मित्राला अनोळखी बनवून शंभराची नोट टाकायला लावणं मात्र गैर आहे. शिक्षणाची अडचण, घरचं आजारपण असलं काही पाटीवर लिहू नका, अगदी खरं असलं तरी. त्याने ऐकणारा गाण्याकडून दयेकडे वळतो आणि त्याला निघून जाताना अपराधी वाटू लागतं. लहान मुलाला थाळी घेऊन फिरवू नका. पूरग्रस्तांसाठी किंवा एखाद्या संस्थेसाठी गोळा करत असाल, तर तो कार्यक्रम वेगळा, पाटी वेगळी, आणि संध्याकाळी पावती दाखवता आली पाहिजे.

हल्ली खिशात सुटे नसतात, म्हणून क्यूआर कोड हवाच. पडद्यावर तुमचं खरं नाव दिसू द्या, मात्र यूपीआय पत्त्यात मोबाइल नंबर नसेल असा पत्ता बनवून घ्या. कोडवर कुणी दुसरा चिकटवलेला नाही ना, हे अधूनमधून बघा. पैसे आल्याचं मोठ्याने सांगणारा डबा लावू नका. ऐन समेवर तो बोलतो, आणि कुणी किती दिले हे चारचौघांत पुकारलं गेलं की पुढचा माणूस स्वतःच्या खुशीने देत नाही. वाजवून मिळालेले पैसे ही तुमची कमाई आहे, तिचा रोजचा हिशेब लिहा.

पैसे कसे घ्यायचे हे शिकायचं असेल तर वासुदेवाकडे बघा. तो पहाटे येतो, चिपळ्या आणि पावा, मोरपिसांची टोपी. दारात गातो, आणि पसाभर धान्य असो की नाणं, देणाऱ्याचं दान देवस्थानांची नावं घेत पोचतं करतो. मिळालं नाही तरी पुढच्या दारी जातो, कुणाला शाप देत नाही. घेतलेल्याची पोच देणं यात किती मोठी सभ्यता आहे! तुम्हीही वाजवता वाजवता मान लववा, डोळ्यांत बघा, लहान मुलाने रुपया टाकला तर त्यालाही. पण वासुदेवाची टोपी घालून उभे राहू नका. तो त्याचा वारसा आहे आणि पोटही.

हे सांगताना मनात एक अस्वस्थता आहे ती मोकळेपणाने मांडतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा इथे मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. ती पाचही माणसं नाथपंथी डवरी गोसावी समाजातली होती, गावोगाव फिरून भिक्षा मागणारी. वासुदेव, गोंधळी, बहुरूपी, डवरी गोसावी या लोकांनी आपली गाणी, कथा, वाद्यं शतकानुशतकं दारोदार नेली, आणि आजही त्यांच्याकडे संशयाने बघितलं जातं. गिटार घेऊन उभ्या राहिलेल्या कॉलेजच्या मुलाला मात्र त्याच रस्त्यावर ‘कलाकार’ म्हटलं जातं. हा फरक तुमच्या वाजवण्याने पडलेला नाही, तुमच्या कपड्यांनी पडला आहे. तेव्हा जिथे दृष्टिहीन गायक पेटी घेऊन रोज बसतो, ती जागा त्याची. त्याच्या सुरांच्या टप्प्यात उभं राहू नका. थांबून त्याचं ऐका, त्याच्या थाळीत पैसे ठेवा, आणि त्याने हरकत नाही म्हटलं तर त्याच्या साथीला बसा. मंचावरच्या कैक कार्यशाळांपेक्षा तिथे जास्त शिकायला मिळेल.

पहिल्यांदा जाल तेव्हा अर्धाच तास वाजवा. पाणी, छत्री, वाद्य झाकायला मेणकापड आणि एक छोटी वही बरोबर असू द्या. घरी आल्यावर पैसे मोजायच्या आधी वही उघडा आणि लिहा: कुठे, किती वाजता, कोणत्या गाण्याला माणसं थांबली, कोणत्या जागेवर पाय निघाला. दुसरा अंतरा सुरू झाला की लोक हलतात, असं दोन-तीनदा दिसलं, तर दोष लोकांचा नसावा. त्या अंतऱ्यावर मेहनत हवी. फोनवर सगळं ध्वनिमुद्रित करून ठेवा. रस्त्यावर जवळजवळ प्रत्येकाची लय नकळत चढते, रहदारीच्या वेगाने आपणही धावायला लागतो, आणि वाजवताना ते जाणवत नाही. ते मुद्रण घेऊन गुरूंकडे बसा, लय नेमकी कुठे सुटली ते त्यांच्याकडून समजून घ्या, आणि पुढच्या रविवारी त्याच कट्ट्यावर तीच बंदिश दोन पायऱ्या संथ लावून बघा.